मंजुळीच्या आईचा तिसरा डोहाळा

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, शपथ घेतो! मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे… दिसलं काहीच नाही मला. पण हजर होतो!

तर, मंजुळीची आई बांबूच्या टोपल्या विणायची. पोटात बाळ आणि चेहरा सुकल्या आवळ्यासारखा. बाबा टोपल्या घेऊन लांबच्या बाजारांना गेलेले. "वहिनी, तुम्ही अशाच सुकत गेलात तर बाळ अशक्त होईल हो," तपासायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या. ते ऐकून मंजुळी आवळ्याच्या बागेत जाऊन मुसमुसू लागली.

टप्! आसवाचा थेंब पडला आणि एका इवल्याशा आवळ्यातून निघाली इवलीशी परी! पंख पोपटी, झगा सोनेरी, नुसती चमचम!

"तुझ्या आईचे तीन डोहाळे पुरवते," परी म्हणाली. "पण तिच्या मनातलंच मागायचं हं. तुझ्या मनातलं मागशील तर फजिती!"

मंजुळी धावत घरी, परी तिच्या खांद्यावर. "आये, तुला काय हवं?"

"मला काही नको गं. तूच खा."

मंजुळीला कुठला धीर! "जिलब्यांचा डोंगर!" ती ओरडली. केशरी जिलब्या आल्या आणि भुर्रकन फुलपाखरं होऊन उडाल्या. "चांदीचा पलंग!" पलंग आला, आणि टकटक चालत दाराबाहेर निघून गेला!

उरला एकच डोहाळा. आता मंजुळी आईजवळ बसून तिच्या सुजल्या पायांना तेल चोळू लागली.

"आये, जेवलीस?"

"झालं की मघाशीच."

"खोटारडी! तुझं ताट तर कोरडं आहे!"

आई हसायला गेली आणि रडलीच. "भीती वाटते गं. सगळे विचारतात, मुलगा हवा की मुलगी? मला कसं वाटतंय, ते कोणी विचारत नाही. एकदा कुणीतरी तव्यावरची गरम भाकरी आधी मला वाढावी आणि जवळ बसावं, एवढंच."

"परी, हेच! हेच!"

झगमग झगमग! चूल आपोआप पेटली, भाकरी टम्म फुगली, मेथीची भाजी घमघमली. मंजुळीने पहिलं ताट आईला वाढलं आणि मांडीला मांडी लावून बसली. आई बोलत गेली, जेवत गेली. गालांवर गुलाबी रंग चढला!

"उद्यापासून वाढणारी तू हं," परी कुजबुजली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

मंजुळीने एक दिवसही चुकवला नाही. नर्सबाईंच्या गोळ्या, सकाळी बागेतली फेरी, संध्याकाळच्या गप्पा. बाळ झालं ते असं गुटगुटीत, आणि रडलं असं खणखणीत, की पळालेला पलंग घाबरून परत आला!

बरं बाबा, कबूल. पलंग खोटा. परीही मीच घातली. ती भाकरी मात्र मंजुळीनेच थापली होती, वेडीवाकडी, एका बाजूने करपलेली. तिचा पहिला घास आत पोचला, तेव्हा मी आनंदाने टुणकन लाथ मारली. विचारा मंजुळीताईला!