विणकरीण सामाचे उसने सूत

पूर्वी तगर नगरात विजयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका सूत विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. वडिलांमागे पेढी त्यांच्याकडे आली. दारी आलेल्या याचकाला त्यांनी कधी रिकाम्या हाताने पाठवले नाही.

त्याच नगरात सामा नावाची विधवा विणकरीण राहत होती. तिचे कापड पाहून जाणकारांनी मान डोलवावी, पण नशीब मात्र फुटके. नवऱ्याच्या आजारपणात तिने सावकाराकडून धान्य उचलले. त्या नगराचा रिवाज असा, की माणूस ज्या हत्याराने पोट भरतो तेच गहाण घ्यायचे. सावकाराने तिच्या मागाची फणी काढून नेली. आता फणीवाचून विणायचे कसे, आणि विणल्यावाचून फेडायचे कसे? सावकाराच्या डोक्यात एवढे शिरत नव्हते, किंवा फार चांगले शिरले होते. शेवटी त्याचा निरोप आला, "पौर्णिमेपर्यंत धान्य परत कर, नाहीतर पोरीला दासी म्हणून आमच्याकडे धाड."

पोर अजून आईच्या कुशीत झोपणारी. सामाने बोधिसत्त्वांच्या दारी जाऊन पदर पसरला.

"बाई, भिक्षा देईन," बोधिसत्त्व म्हणाले, "पण ती संपेल. तुम्हाला काय काम येतं?"

"विणता येतं. पण फणी धान्यापायी सावकाराकडे गहाण पडलीय, आणि घरात सूत नाही."

"मग सावकाराचं धान्य भरून फणी सोडवून देतो, सूतही देतो. पण उसनं. गहाण काही नको. शेजारणीचा शब्द आणा."

 सामाची शेजारीण म्हणजे भद्रा, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. तरी लेकीसाठी सामा मान खाली घालून भद्राच्या उंबऱ्याशी गेली. भद्रा पेढीवर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिची जीभ तिखट आहे, पण हात खोटा नाही. हिनं बुडवलं तर मी भरीन."

 सामाने भद्राचा हात घट्ट धरला.

फणी मागावर चढली. लेक घरातच राहिली, आईला सुताच्या कांड्या भरून देऊ लागली. थंडी सरता सरता सामा उसने घेतलेले धान्य आणि सूत घेऊन पेढीवर आली.

पेढीचा कारभारी कळवळून म्हणाला, "श्रेष्ठी, विधवेकडून काय परत घ्यायचं? सोडून द्या."

सामाचा चेहरा उतरला. बोधिसत्त्वांनी तो पाहिला. त्यांनी तराजू मागवला, धान्य तोलले, सूत तोलले आणि म्हणाले, "बाई, सुताची एक लड कमी आहे."

कारभाऱ्याने शरमेने तोंड फिरवले. सामा मात्र खळखळून हसली. धावत घरी जाऊन तिने लड आणली आणि पारड्यात ठेवली. मग हात जोडले.

"श्रेष्ठी, फणी दिलीत, सूत दिलंत, त्याचे उपकार आहेतच. पण आज माझं तोलून घेतलंत, हे उपकार त्याहून मोठे. नवरा गेल्यापासून सगळे मला देतच होते. माझं कुणी घेत नव्हतं." आणि तिचे डोळे भरून आले.

एवढे सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, ती सामा म्हणजे आज विहाराला चीवरांचे कापड देणारी उपासिका केसिनी. भद्रा म्हणजे तिच्याशी अजूनही भांडणारी तिची जाऊ. कारभारी म्हणजे 'त्या गरीब बाईचे कापड घेऊ नये' असे मघाशी म्हणणारा तुमच्यातला भिक्षू. तो सुताचा व्यापारी मीच होतो. गरिबाला द्यावे, आणि त्याने आणलेले मानाने घ्यावेही. करुणा पुरी होते ती तेव्हा."