राखेखालची बोली

एका राज्यात, जिथे नदी दोन डोंगरांमधून वाट काढीत सपाटीवर येई, तिथे अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, प्रजेची काळजी वाहणारा होता. पण जुन्या सोन्याचा त्याला भारी मोह. राजधानीच्या उत्तरेला एक उजाड टेकाड होते. त्याच्या पोटात प्राचीन नगर आहे असे लोक म्हणत. राजाने टेकाड खणवले. एका दगडी दारापाशी सोन्याची घंटा सापडली. राजाने ती दरबारात टांगली आणि आपल्या हाताने वाजवली. नाद पार सीमेपर्यंत गेला, आणि त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या मुलांची वाचा गेली.

राजधानीत कुवलया नावाची विदुषी राहत होती. लोप पावलेल्या भाषा शिकणे हाच तिचा ध्यास. तिची लेक मंजिरा, दिवसभर चिवचिवणारी, आता ओठ हलवी आणि आवाज फुटला नाही की आईकडे टकमक पाही. ते पाहणे कुवलयेला सोसवेना.

राजाने घंटा परत पाठवली. पण दगडी दार मिटलेले होते, आणि दारावर कोरलेली पाषाणस्त्री जागी झाली होती. ती अनोळखी भाषेत काही विचारी. राजाचा मांत्रिक मंत्र म्हणत पुढे झाला आणि जागच्या जागी शिळा झाला. मग कोणी तिकडे फिरकेना.

कुवलया राजापुढे उभी राहिली. "महाराज, मला जाऊ द्या."

"शिळा होशील, विदुषी."

"लेकीचा आवाज ऐकल्यावाचून जगणे तरी काय वेगळे?"

टेकाडावर एक म्हातारा क्रौंच पक्षी राहत असे. नगर नांदते होते तेव्हापासून तो तिथे होता. कुवलयेने त्याला वंदन केले. "पक्षिराज, ही पाषाणस्त्री काय विचारते?"

क्रौंच म्हणाला, "ती तीन गोष्टी मागते. आमच्या बोलीत बोल. आमच्या रीतीने उंबरा ओलांड. आणि आमचे काय झाले ते सांग. बोली मी शिकवीन. बाकीचे तुझे तू शोध."

पावसाळा सरला, हिवाळा आला. कुवलया शिकत राहिली. त्या बोलीत ऐकणे आणि घागर भरणे यांना एकच शब्द होता. परक्याला वेगळा शब्दच नव्हता; त्याला 'अजून न बसलेला' म्हणत. एकदा ती म्हणाली, "या नगरातले लोक सुखी होते." क्रौंचाने चोच आपटली.

"मेलेल्यांना 'होते' म्हणत नाहीत. 'आहेत' म्हणतात. या बोलीत माणसासाठी भूतकाळ नाही."

कुवलयेने वाक्य पुन्हा म्हटले, "या नगरातले लोक सुखी आहेत."

उंबऱ्याची रीत क्रौंचाला ठाऊक नव्हती. पक्षी छपरावरून येतात. कुवलया उघड्या पडलेल्या घरांतून हिंडली. प्रत्येक उंबऱ्याबाहेर एक वाटीसारखा खळगा होता. दरबारचे पंडित त्याला दिव्याची जागा म्हणत. पण काजळीचा डाग कुठेच नव्हता. खळग्याच्या तळाशी पाणी सुकून बसलेला पांढरा थर होता, आणि शेजारचा दगड गुडघ्यांनी झिजलेला. तिला उमगले. येणारा आधी गुडघे टेकी, खळग्यात पाणी ओती, आणि मग आत येई.

त्याच हिंडण्यात तिला आणखी काही दिसले. जमिनीत राखेचा जाड थर होता. जळक्या दारांचे अडसर बाहेरून लावलेले होते. राखेत बाणांची पाती पडली होती, आणि त्यांवर राजघराण्याची मुद्रा होती. दरबारच्या बखरीत तर लिहिले होते की नगर महापुरात बुडाले आणि राजाच्या पूर्वजांना ही भूमी ओसाड मिळाली.

खरे बोलावे तर राजाचा कोप. खोटे बोलावे तर शिळा.

तिने राजाला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवाजम्यासह टेकाडावर आला. कुवलयेने घंटा घेतली, गुडघे टेकले, खळग्यात पाणी ओतले. पाषाणस्त्रीने डोळे उघडले. कुवलया त्या बोलीत सांगू लागली, आणि वाक्यामागून वाक्य राजासाठी मराठीतही सांगत गेली.

"नगरातले लोक झोपलेले आहेत. अरिंदम राजाच्या पूर्वजांचे सैनिक बाहेरून अडसर लावीत आहेत. घरे पेटली आहेत. माणसे दारे ठोकीत आहेत. मुले हाका मारीत आहेत. कोणी ऐकत नाही."

सेनापतीने तलवार उपसली. "महाराज, हा राजद्रोह आहे!"

राजाचा चेहरा काळवंडला होता. "विदुषी, 'आहेत' का म्हणतेस?"

"या बोलीत तसेच म्हणतात, महाराज."

राजा खाली पडलेल्या एका बाणाच्या पात्याकडे पाहत राहिला. मग त्याने सेनापतीचा हात खाली केला, मुकुट काढला आणि झिजलेल्या दगडावर गुडघे टेकले. "माझ्या पूर्वजांचे ते वाक्य मला शिकव," तो म्हणाला. "ते माझ्या तोंडून निघू दे."

तो अडखळला, पुन्हा म्हणाला, पुन्हा अडखळला. क्रौंचाने त्याचे उच्चार सुधारले. शेवटी वाक्य पुरे झाले, तेव्हा पाषाणस्त्रीने हात पुढे केला, घंटा घेतली आणि दगडी दार उघडले. आत ना खजिना होता, ना देव. नुसते अंगण होते आणि त्यावर ऊन पडले होते. मांत्रिकाच्या अंगावरचा दगड गळून पडला, आणि तो मंत्र विसरून खोकू लागला.

कुवलया धावतच घरी आली. मंजिरा पायरीवर बसली होती.

"आई, इतका वेळ कुठे होतीस? मला भूक लागली आहे," ती म्हणाली.

कुवलयेने भाकरी थापायला घेतली, पण डोळ्यांतले पाणी थांबेना, त्यामुळे पहिली भाकरी करपली. मंजिरा ती तशीच खात खात बोलत राहिली, आणि त्या दिवशी राज्यातल्या एकाही आईने आपल्या मुलाला गप्प बस म्हटले नाही.

राजाने बखरीतले पूर्वजांचे पान पुन्हा लिहविले, टेकाडावर पाठशाळा बांधली आणि स्वतः पहिल्या ओळीत बसला. व्याकरणात तो कच्चाच राहिला. तरी राज्य सुखाने नांदले. तसे ऐकणाऱ्यांचे घरही नांदो.