कुणाला कुठली गाडी

"एवढी चांगली गाडी दारात उभी असताना ती दुधाच्या टेम्पोतून का जाते, सांगा तुम्हीच!"

मकरंद हुपरीकरने हा प्रश्न मठाच्या ओट्यावर टेकता टेकताच टाकला. नमस्कार राहूनच गेला होता. तो त्याने मग घाईघाईने उरकला.

नानाबुवा पत्रावळी लावत होते. पळसाची पानं एकावर एक ठेवायची आणि काडीने टाके घालायचे. सोमवारी संध्याकाळी टेकडीवरच्या या मठात भजन असतं आणि भजनाला आलेला माणूस प्रसाद घेतल्याशिवाय जात नाही.

"कोण जातं टेम्पोतून?" बुवांनी विचारलं.

"आई. दुसरं कोण? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तिनं. लोक म्हणतात, मकरंदा, जगाला गाड्या सुचवतोस आणि तुझी आई दुधाच्या कॅनशेजारी बसून भजनाला जाते…"

बुवांनी पुढच्या पानाला टाका घातला.

"केवढी मोठी गाडी दिली मी तिला! उन्हाळ्यात, वाढदिवसाला. आता पावसाळा संपत आला, पण किल्लीला हात लावत नाही. विचारलं की म्हणते, कंटाळा आला रे आता चालवायचा. उगाच पडून राहते म्हणून आज मीच घेऊन आलो. बुवा, तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"गाडी चालव म्हणून."

बुवांनी एक पान उचललं, उजेडात धरलं आणि फाटकं निघालं म्हणून बाजूला ठेवलं.

मकरंदचा तोरा अगदीच पोकळ नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्या भागात गाडी घ्यायचं ठरलं की लोक आधी मकरंदकडे जात आणि मग शोरूमला. त्याचे व्हिडिओ लोक जेवताना ताटाशेजारी फोन टेकवून बघत. आणि त्याची पद्धत खरोखरच चांगली होती. कुठली गाडी चांगली असं कुणी विचारलं, तर तो गाडीचं नावच घेत नसे. आधी माणसाची चौकशी करी. कोण चालवणार, बरोबर कोण असणार, रस्ता कसला, गाडी उभी कुठे राहणार. गाडी मुळात चांगली किंवा वाईट नसते, ती त्या माणसाला सोयीची असते किंवा नसते, असं तो म्हणे. हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडायचं.

"तुझं ते बोलणं ऐकलंय मी," बुवा म्हणाले. "सोयीचं नि गैरसोयीचं. खरं आहे का ते?"

"म्हणजे काय! तुम्ही फक्त माणूस सांगा, मी गाडी सांगतो."

"बघू."

मकरंद सरसावून बसला. आईचा विषय मागे पडला होता, पण त्याची त्याला हरकत दिसली नाही.

"एक फुलवाला आहे. पहाटे झेंडूच्या करंड्या घेऊन बाजारात जातो."

"सीएनजी घेऊ नको म्हणावं. टाकीनं डिकी भरते, मग फुलं काय डोक्यावर ठेवणार? आणि डिकीची कड खाली असलेली बघ म्हणावं. भरलेली करंडी रोज उंच उचलायची म्हणजे कंबर जाते."

"घाटातली नर्सबाई. वाड्यावस्त्यांवर फिरते, तीही एकटीच."

"जमिनीपासून उंच. चाक बदलायला सोपी. आणि जिचे पार्ट तालुक्याला मिळतात अशी. घाटात अडकल्यावर कंपनीचं नाव काय चाटायचंय?"

बुवा हसले.

"आमचा तबलजी?"

"तो? त्यानं आधी आत बसून डोकं छताला लागत नाही ना, ते बघावं. मायलेज नंतर."

"हुशार आहेस," बुवा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मकरंद खुलला. खरं तर हा एक शब्द ऐकायलाच तो टेकडी चढून आला असावा आणि आईची तक्रार हे निमित्त असावं, अशी मला शंका आहे.

"आता एक अवघड सांगतो," बुवा म्हणाले. "एक बाई आहे. वय झालंय. उंची कमी. गुडघे दुखतात. मान उजवीकडे पुरती वळत नाही."

"बरोबर कोण असतं?"

"तिच्याच वयाच्या मैत्रिणी. एकीला काठी लागते."

"रस्ता?"

"बोळाचा. समोरून रिक्षा आली की एकानं भिंतीला चिकटायचं."

"उभी कुठे राहते?"

"अंगणात. फाटक अरुंद आहे."

मकरंदने डोळे मिटले. असं कुणी नीट सगळं सांगितलं की त्याला गाणं ऐकल्यासारखं वाटायचं.

"लहान गाडी," तो म्हणाला. "लहान म्हणजे बुटकी नव्हे हं. बसताना चढायलाही लागू नये आणि वाकायलाही लागू नये. खुर्चीवर टेकतो तसं टेकता आलं पाहिजे, म्हणजे काठीवालीलाही जमेल. पुढचं टोक नजरेत राहिलं पाहिजे. मागची काच मोठी पाहिजे, मान वळत नाही ना… आता कुठली आहे तिच्याकडे?"

"एक होती. लहानशी, जुनी. तिचा बारीक आवाजसुद्धा बाईला कळायचा."

"मग तीच ठेवायची! नवी कशाला? या वयात हात सरावलेला असतो, बुवा. सरावलेली गाडी काढून घेतली की अशी माणसं चालवायचंच सोडतात. मी किती बघितलीयत. तोंडानं सांगत नाहीत, कंटाळा आला म्हणतात आणि…"

तो बोलता बोलता किंचित अडखळला, पण थांबला नाही.

"…आणि घरात बसतात."

"काढून घेतली," बुवा म्हणाले. "मोठी दिली."

"कुणी?"

"घरच्यानंच."

"गाढव आहे! तिला विचारलं तरी होतं का?"

"नाही. अचानक आणून उभी केली. मोठी लाल फीत बांधून."

"मग ती गाडी तिच्यासाठी नव्हतीच. त्यानं स्वतःसाठी घेतली. चार लोकांनी बघावं, म्हणावं की काय मुलगा…"

बुवांचा टाका घालणारा हात थांबला होता. ते मकरंदकडे बघत राहिले.

अंगणात कुणी तरी पाणी शिंपडत होतं, तेवढाच आवाज.

"…कोण आहे ती?" मकरंदने विचारलं. त्याचा आवाज आधीच खाली आला होता.

"आज सोमवार आहे," बुवा म्हणाले. "येईलच इतक्यात. दुधाच्या टेम्पोनं."

मकरंदचा चेहरा उतरला. मग लाल झाला. मग त्याने चिडून मान हलवली.

"आईचे गुडघे दुखत नाहीत. दुखत असते तर बोलली असती."

बुवांनी हातातली काडी खाली ठेवली.

"आणि मान? मानेला काय झालंय तिच्या?"

"तू जेवायला तिच्या उजव्या हाताला बसतोस ना रे?"

"हो."

"तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा पाहिलं मी, तुझ्याशी बोलायचं झालं की ती अख्खी खुर्ची फिरवते. कशासाठी फिरवते असं वाटत होतं तुला?"

मकरंदला ते आठवलं. खुर्चीच्या पायांचा फरशीवर होणारा आवाज आठवला. एकदोनदा तो वैतागलाही होता, की आई, सारखं काय कर्रकर्र करतेस. कशासाठी फिरवते, असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"पण तिला आवडली होती गाडी," तो म्हणाला. आता तो वाद घालत नव्हता, विनवत होता. "रडली ती, बुवा. आनंदानं रडली. सगळ्यांनी बघितलंय. थांबा, व्हिडिओ आहे माझ्याकडे."

त्याने फोन काढला. तो व्हिडिओ शोधावा लागला नाही, त्याच्या चॅनेलवर सगळ्यात वरच होता. त्याने फोन बुवांपुढे धरला.

बुवांनी तो हलकेच त्याच्याकडे वळवला.

"मला नको. तू बघ."

"मी शंभरदा बघितलाय."

"तू कुणाकडे बघितलंस?"

मकरंद उत्तर देणार होता. पण शंभरही वेळा त्याने स्वतःलाच बघितलं होतं. आपण कसे उभे आहोत, फीत कापायची कात्री कशी पुढे करतोय, आवाज नीट येतोय की नाही.

या वेळी त्याने आईकडे बघितलं.

टाळ्या वाजत होत्या. मावशी, काका, शेजारचे सगळे मोठ्या पांढऱ्या गाडीभोवती जमले होते. आई मात्र गाडीकडे पाठ करून उभी होती. डोळे पुसताना लोकांना दिसू नये म्हणून ती वळली, असं तेव्हा सगळे हसून म्हणाले होते, आणि मकरंदनेही तेच खरं धरलं होतं. आता त्याला कोपऱ्यात फाटक दिसलं. शोरूमचा माणूस तिची जुनी गाडी फाटकातून बाहेर काढत होता. नव्या गाडीच्या बदल्यात ती द्यायची, हे मकरंदनेच परस्पर ठरवलं होतं.

मान वळत नव्हती, म्हणून आई सगळं अंग फिरवून त्या गाडीकडे बघत होती. ती रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत.

मग ती वळली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "कशाला रे एवढा खर्च केलास?"

मकरंदने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

त्याला लाज वाटली. रागवायला दुसरं कुणीच उरलेलं नसतं, तेव्हा वाटते तशी. आपल्या आईचं रडणं त्याने स्वतःच्या कौतुकासाठी साऱ्या जगाला दाखवलं होतं, आणि जगानेही टाळ्या वाजवल्या होत्या. फुलवाल्याची कंबर त्याला न बघता कळली होती. नर्सबाईची काळजी वाटली होती. बोळातली ती बाईसुद्धा त्याला आत्ता, या ओट्यावर, नीट कळली होती, फक्त ती कोण एवढंच ओळखता आलं नव्हतं.

खाली वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

मकरंद ताडकन उठला. "मी मागच्या वाटेनं जातो."

"बस."

"बुवा, तिच्यासमोर मला…"

"बस म्हटलं ना."

तो खांबाच्या आडोशाला बसला. टेम्पो थांबला. मागून बायका एकमेकींना हात देत उतरल्या. आधी काठी खाली आली, मग काठीवाली. शेवटी मकरंदच्या आई, इंदूताई, राहिल्या. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि मग शिडीवरून उतरावं तशा पाठमोऱ्या, कण्हत, एक एक पाय टाकत खाली आल्या. खाली आल्याबरोबर त्यांनी कसलीशी चेष्टा केली आणि सगळ्याजणी हसल्या.

मग त्यांना मठाच्या फाटकाशी उभी असलेली पांढरी गाडी दिसली.

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पदर सारखा केला, चेहरा सारखा केला आणि ताठ चालायला लागल्या. दुखतंय हे कळू नये अशा बेतानं चालणारं माणूस मकरंदने आज पहिल्यांदा पाहिलं. खरं तर ते रोजच त्याच्या घरात चालत होतं.

त्याचे डोळे भरून आले.

"उद्या सकाळी जाऊन ती जुनी परत आणतो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"ती आता दुसऱ्या घरची झाली. तिथंही कुणाचा हात सरावला असेल."

"मग तसलीच दुसरी आणतो. लहान. मला कळलंय आता, कुठली आणायची ते. दोनच आहेत तशा, त्यातली एक…"

बुवांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मकरंदची जीभ जागच्या जागी थांबली. पुन्हा तेच करत होता तो, आणि या वेळी ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"…तिलाच विचारतो," तो म्हणाला.

"विचार. काय म्हणेल?"

उत्तर मकरंदला पाठ होतं. लहानपणापासून शर्टापासून शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीला आईचं तेच उत्तर होतं.

"म्हणेल, तुला बरी वाटेल ती घे."

"हं."

इंदूताई पायऱ्यांपाशी पोचल्या होत्या. पहिल्या पायरीवर त्या क्षणभर थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला आणि चढू लागल्या.

"मग मला कळणार कसं, बुवा?" मकरंदने विचारलं. "ती खरं सांगत नाही. मला बघता येत नाही. मग कळणार कसं?"

बुवांनी लावून झालेली पत्रावळ बाजूला ठेवली.

"एखादी लहान गाडी दिवसभरासाठी कुणाकडून तरी मागून आण. किल्ली तिच्या हातात दे. आणि तू शेजारी बसून तिच्याकडे बघ…"

त्यांनी पुढचं पान उचललं.

"त्या बाजूला ब्रेक नसतो, तेवढं लक्षात ठेव."