ठिपकीचं अंडं आणि आजोबांचे पाय

एक होतं फुलपाखरू. नाव त्याचं ठिपकी. पंख काळे, ठिपके लाल.

ठिपकीच्या पोटात होतं एक अंडं. मोहरीएवढं. ते ठेवायचं कुठे? कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर. दुसरं पान चालत नाही. अंड्यातल्या बाळाला तेच लागतं खायला.

दामूआजोबांच्या गॅलरीत होती कढीपत्त्याची कुंडी. झाडाला एकच कोवळं पान. आला वारा. पान पडलं, टप्प.

झालं! आता अंडं घेऊन किती दिवस फिरायचं? ठिपकीला काही सुचेना.

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली कढीपत्त्याकडे.
"कढीपत्त्या, कढीपत्त्या, पान दे. अंडं माझं कुठे ठेवू?"
कढीपत्ता म्हणाला, "देईन की. पण आधी मला ताक हवं."
कढीपत्त्याला ताक फार आवडतं. आंबट असलं तर जास्तच.

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली भांड्याकडे.
"भांड्या, भांड्या, ताक दे. कढीपत्ता पान देईना, अंडं माझं कुठे ठेवू?"
भांडं म्हणालं, "माझ्यात नुसतं दही. आधी रवी फिरू दे."

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली रवीकडे.
"रवीताई, रवीताई, फिर ना. भांडं ताक देईना, कढीपत्ता पान देईना, अंडं माझं कुठे ठेवू?"
रवी म्हणाली, "मी काय आपली आपण फिरते? आधी आजीला हात लावू दे."

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली इंदूआजीकडे.
"आजी, आजी, हात लाव. रवी फिरेना, भांडं ताक देईना, कढीपत्ता पान देईना, अंडं माझं कुठे ठेवू?"
आजी म्हणाली, "कशी लावू, बाई? हे सारखे येरझारा घालतात. काल पाय लागून भांडं लवंडलं माझं. आधी ह्यांना एका जागी बसू दे."

आजोबा कुठे होते? इकडून तिकडे. तिकडून इकडे. चपला फटक फटक, फटक फटक. स्वयंपाकघरात, मग बाहेर, मग परत स्वयंपाकघरात. पायाला नुसती भिंगरी.

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली आजोबांकडे.
"आजोबा, आजोबा, बसा ना. आजी हात लावीना, रवी फिरेना, भांडं ताक देईना, कढीपत्ता पान देईना, अंडं माझं कुठे ठेवू?"
आजोबा म्हणाले, "बसलो की जीव कासावीस होतो गं. खूप वर्षं दारोदार टपाल वाटलं. आता काम नाही. पाय ऐकतच नाहीत."

भिर भिर, भिर भिर, ठिपकी गेली खाली, पायांकडे.
"पायांनो, पायांनो, थांबा ना. आजोबा बसेनात, आजी हात लावीना, रवी फिरेना, भांडं ताक देईना, कढीपत्ता पान देईना, अंडं माझं कुठे ठेवू?"
पाय म्हणाले, "आम्ही थांबतो कुठे, ठाऊक आहे? जिथे कुणीतरी आमची वाट बघतं तिथे. आता कोण बघतं आमची वाट?"

पाय बिचारे फटक फटक.

मग ठिपकी कुंडीच्या काठावर जाऊन बसली. पंख मिटले. मुळीच हलली नाही.
म्हणाली, "मी बघते वाट. हा कढीपत्ताही बघतो. या."

फटक फटक. फटक. फट.

पाय थांबले. आजोबांनी कुंडीत बोट घातलं. माती दगडासारखी घट्ट. अरे अरे, म्हणाले आजोबा, आणि बसले खाली. जुना चमचा घेतला. माती उकरली, खर खर, खर खर. हात मळले. नखांत माती गेली. जिवाची तगमग थोडी कमी झाली.

पाय थांबले, आजोबा बसले. आजोबा बसले, आजीने हात लावला. आजीने हात लावला, रवी फिरली, घुसळ घुसळ. रवी फिरली, भांड्याने ताक दिलं. आजोबांनी त्यात पाणी घातलं आणि कुंडीत ओतलं. गुडुप गुडुप, कढीपत्ता प्यायला.

पण पान काही लगेच येत नाही, बरं का.

एक दिवस गेला. ठिपकी भिर भिर. आजोबा सकाळीच कुंडीपाशी.
दोन दिवस गेले. ठिपकी भिर भिर. आजोबा सकाळीच कुंडीपाशी.
तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याने पान दिलं. कोवळं, पोपटी.

ठिपकी आली. पानावर टेकली. अंडं ठेवलं, टिच. आणि उडाली, भुर्र!

आजोबांनी चष्मा लावला. पानावर पिवळा ठिपका.
"अगं, इकडे ये," आजोबा म्हणाले. "जन्मभर लोकांना टपाल दिलं. आज मला टपाल आलं."

आजी आली. बघते तर काय, आजोबा मांडी घालून बसलेले. चपला दारापाशी. आणि पाय? पाय गाढ झोपले होते.

अंडं पानावर, पान फांदीवर, आणि आपली गोष्ट आली उशीवर.