केवलबाबांची सूज

“पण सूज तर उतरली ना?” दामोधरने विचारलं.

डॉक्टर साठवणेबाई केवलबाबांची नाडी बघत होत्या.

सकाळी बाबा आसनावरून उठले आणि तिथंच कोसळले. मठात सगळ्यांना वाटलं, बाबा गेले. आता सलाईन थेंब थेंब चाललं होतं. बाबांनी डोळे उघडले, ओळखीचं हसले... कुणीतरी धावत अंगणात गेलं. “आहेत! बाबा आहेत!”

दामोधर मात्र आपल्याच मुद्द्यावर होता. बाबांचं औषधपाणी त्याच्याकडे असे, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“लघवीची गोळी मी एकदाही चुकवली नाही. उलट...”

“उलट काय?”

“पायांची सूज पुरती उतरेना, म्हणून संध्याकाळी आणखी एक देत होतो.”

“कुणाला विचारून?”

दामोधर बाबांच्या पायांकडे बघू लागला.

“भाऊ, बाबांचं हृदय थकलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. ही गोळी मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढते, मिठामागून पाणी जातं. बेताचं गेलं तर बरं वाटतं. जास्त गेलं की रक्तदाब पडतो. पोटॅशियमही जातं, मग पोटऱ्यांत गोळे येतात. ते फारच कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात.”

“गोळे येत होते,” बाबा हळूच म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

“मला वाटलं, म्हातारपण आलं.”

डॉक्टर दामोधरकडे वळल्या. “आणि हे ओठ? केवढे सुकलेत. डोळे आत गेलेत. तुम्ही तर रोज जवळ असता!”

“मी... पाय बघत होतो.” दामोधर म्हणाला. “रोज पहाटे पायांवर डोकं ठेवतो. अंगठ्याने दाबून बघतो, खड्डा पडतो का. गुरूच्या तोंडाकडे आम्ही बघत नाही. मठाची रीतच आहे तशी.”

डॉक्टरांनी बॅग बंद केली. “रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत गोळी बंद. मग किती द्यायची ते मी सांगेन. मनाने वाढवायची नाही, आणि मनाने कायमची सोडायचीही नाही. नाहीतर पुन्हा दम लागेल. आता धोका टळलाय.”

त्या गेल्या. दामोधर भिंतीला टेकून बसला.

“बाबा, मी तुम्हाला मारलंच होतं.”

“मेलो नाही ना?”

दामोधरच्या डोळ्यांना धार लागली.

“पुरे आता,” बाबा म्हणाले. “आज आपल्याकडे पाण्याची टंचाई आहे.”

दामोधरला रडता रडता हसू फुटलं. छातीवरचा दगड उतरला. तो पुढे सरकला आणि सवयीने पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बाबांनी दोन्ही पाय गोधडीत ओढून घेतले.

“बाबा... मग नमस्कार कुठे करू?”

“वर बघ.”

दामोधरने हात जोडले, मान उचलली, आणि भक्तिभावाने मठाच्या आढ्याकडे बघू लागला.

“इतकं वर नको,” बाबा म्हणाले.