डब्यावरचं नाव

रावसाहेब मोहित्यांची बस घाटात उलटली आणि ड्रायव्हर भानुदास जागीच गेला. पंचनाम्याच्या वेळी रावसाहेबांनी ब्रेक लायनरचा रिकामा डबा सगळ्यांपुढे धरला. "नामांकित कंपनीचा, दुप्पट किमतीचा माल आहे. चूक ड्रायव्हरचीच!"

बस दुरुस्त करणाऱ्या हसन मिस्त्रीनं हा माल कच्चा असल्याचं त्यांना आधीच बजावलं होतं. स्वस्तातला पण पारखलेला लायनरही दाखवला होता. आता त्यानं मोडक्या बसमधला लायनर काढून नखानं खरवडला. भुगा पडला.

"मालक," तो म्हणाला, "नाव डब्यावर होतं, अन् डबा तुमच्या कपाटात. भानुदासच्या पायाखाली नुसता ब्रेक होता."

रावसाहेबांची मान खाली गेली. पंचांनी लिहिलं, दोष ब्रेकचा, ड्रायव्हरचा नाही.

भानुदासच्या बायकोनं, अनुसयेनं, ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि मग ती पहिल्यांदा रडली.