सोपानानं उसनं परत केलं

एका गावात एक भोळा राहत होता. आता गावात भोळे काय कमी असतात? पण या बोरखडी गावात कुणालाही विचारलं असतं, "भोळ्याचं घर कुठलं हो?" तर लोकांनी सोपानाचंच दार दाखवलं असतं. सोपानाला विचारलं असतं, तर त्यानंही तेच दाखवलं असतं.

सोपाना अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. सांगितलेलं ऐकायचा. अगदी तेवढंच ऐकायचा. आणि एकदा ऐकलं की सोडायचा नाही. तिथंच सगळी गोची होती.

त्याच्या रानातून मोठा रस्ता गेला आणि सरकारनं त्याला पैसे दिले. सोपानाला पैशाचं काही नव्हतं. त्याला हवी होती गोजरा. गोजरा म्हणजे त्याच्या सख्ख्या रंगनाथमामांची मुलगी, मागच्याच गल्लीतली. तिलाही सोपाना हवा होता. ती म्हणायची, "भोळा आहे, पण खोटं बोलत नाही. शहाणे बघितलेत मी."

रंगनाथमामा शहरातल्या मोटारींच्या दुकानात कारकून होते. आता घरी बसून पेपरातलं शेअरबाजाराचं पान वाचायचे. ते म्हणाले, "सोपाना, पोरगी देईन. पण आधी हे पैसे एखाद्या मोटार कंपनीत नीट घालून दाखव. अक्कल दिसली तर सुपारी फोडू. नाही दिसली तर गोजराला विसर."

"अक्कल कशी दाखवायची, मामा?"

"सोपं आहे. पैसे घालायच्या आधी बघायचं, मालकाचं स्वतःचं किती आणि उसनं किती. याला डेट-इक्विटी रेशो म्हणतात. मालकाचा एक रुपया आणि उसना एक, तर ठीक. मालकाचा एक आणि उसने तीन, तर तिथल्या तिथं मागं फिर. आता शहरात जा आणि वाघजाई मोटार कंपनीची माहिती घेऊन ये."

"मागं फिर," सोपाना पुटपुटला. डोक्यात पक्कं बसलं.

फाट्यावर वडापची जीप शहरासाठी माणसांनी भरत होती. सोपाना चढला. जीप सुटली. अर्ध्या वाटेत त्यानं ड्रायव्हरला विचारलं, "पावणं, जीप तुमची का?"

"माझी कसली! चाकं माझी, बाकी बँकेची," ड्रायव्हर हसून म्हणाला.

"थांबवा!"

सोपाना उतरला. इतरांनाही म्हणाला, उतरा. कुणी उतरेना. मग त्यांची कीव करत तो भर उन्हात चालत गावात आला.

मामा ओट्यावर होते. "काय रे, शहर?"

"मामा, मोटारीत उसनं फार होतं. तिथल्या तिथं मागं फिरलो."

मामांनी कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, ती जीप! तुला बसायचं होतं, विकत घ्यायची नव्हती! आणि एकटी एक कंपनी बघून कधी ठरवू नये. मोटारीच्या धंद्यात यंत्रं लागतात, जागा लागते, थोडंफार कर्ज असतंच. तिच्यासारख्या दुसऱ्या चार जणींशी ताडून बघायचं. मग बोलायचं."

"चुकलंच मामा. परत असं होणार नाही."

आणि खरंच, तसं परत झालं नाही. वेगळं झालं.

दुपार झाली होती. मामींनी त्याला जेवायला बसवलं. गरम भाकरी, वांग्याचं भरीत. दोन घास पोटात गेल्यावर मामींनी विचारलं, "कशी झालीय रे भाकरी?"

सोपानाच्या डोळ्यापुढं मामांचा चेहरा. मग तो उठला, हात न धुताच बाहेर पडला. शेजारच्या सरूकाकूंकडं भाकरी खाल्ली. गुरवाच्या घरी खाल्ली. पोस्टमनच्या आईकडं खाल्ली. सरपंचांच्या घरी तर लोणीही मिळालं. ढेकर देत परत आला आणि दारातूनच ओरडला, "मामी! चार जणींशी ताडून बघितली. तुमची भाकरी चौथी आली!"

सगळी गल्ली ऐकत होती. गोजरा आत पदर तोंडात कोंबून हसत होती. मामींनी लाटणं शोधायला सुरुवात केली, तसे मामा मध्ये पडले.

"अरे मेल्या, कंपन्या ताडायच्या, बायका नाही! आणि ऐक, घाईघाईनं निकाल देत जाऊ नको. कर्ज आज किती आहे एवढ्यावर काय ठरतं? मागच्यापेक्षा वाढतंय का कमी होतंय, ते शांतपणे बघत राहायचं. नीट कळलं की मगच येऊन सांगायचं."

"चुकलंच मामा. परत असं होणार नाही."

परत असं झालंही नाही.

दोन दिवसांनी मामांनी त्याला मळ्यात पाठवलं, गुरांना कडबा टाकायला. बराच वेळ झाला तरी सोपाना येईना. मामा बाहेर येऊन बघतात तर मळ्याच्या बाजूनं धूर. मामा धोतर सावरत पळाले. कडब्याची गंजी पेटली होती. आणि सोपाना? बांधावर मांडी घालून बसला होता, हनुवटीला हात लावून. शेजारी पाण्यानं भरलेला हौद.

"अरे, आग लागलीय!" मामा किंचाळले.

"हो, बघतोय ना," सोपाना म्हणाला. "आधी एवढीशी होती. मध्ये जरा कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून घाई केली नाही. आता मात्र नक्की सांगतो मामा, वाढतेय."

गावातले लोक आले, हौद उपसला, अर्धी गंजी वाचली. मामांच्या मिशीचं एक टोक जळलं. रात्री त्यांनी दुसरं टोकही कातरलं. सकाळी बोलले.

"सोपाना, आता शेवटचं. यापुढं चुकलास तर गोजराला तालुक्याच्या स्थळाला देतो. त्यांची माणसं विचारून गेलीत."

 गोजरा दाराआड उभी होती. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. भोळा म्हणून काय झालं, सोपानाला कळायचं ते कळलंच. तो मामांच्या पायाशी बसला. "मामा, काय राहिलं असेल ते सगळं सांगा. मी कान देऊन ऐकतो."

"तू कान देतोस तेच तर वाईट आहे," मामा म्हणाले. पण भाच्यावर जीव होता. त्यांनी सांगितलं, "मोटार कंपनी गिऱ्हाइकांना मोटार घ्यायला कर्ज देते. ते पैसे तिनंही बाहेरून उसने आणलेले असतात. ते कर्ज धंद्याच्या कर्जात कालवायचं नाही. म्हणून असलं उसनं बाजूला काढायचं, ते ज्याचं त्याला परत गेलं असं धरायचं आणि मग उरतं काय ते बघायचं. जे उरतं ते खरं."

"बाजूला काढायचं. ज्याचं त्याला परत. उरतं ते खरं." सोपानानं घोकलं. गोजरानं घोकून घेतलं. विहिरीवर घोकलं, गोठ्यात घोकलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता जा शहरात. आणि जीपवाल्याशी बोलू नकोस."

तो गेला आणि शहाण्यासारखा परतही आला. मामांनी आनंदानं सुपारीचा दिवस धरला.

आता सुपारी म्हणजे घरात चारचौघं येणार. मामांच्या घरात खुर्ची एक, तीही तीन पायांची. मग आपल्याकडं जे करतात तेच मामांनी केलं. खुर्च्या ग्रामपंचायतीतून आणल्या. सतरंजी देवळातून. कपबश्या सरूकाकूंच्या, पंखा पोस्टमनचा, अडकित्ता गुरवाचा. मामांच्या पायांतल्या करकर वाजणाऱ्या नव्या वहाणासुद्धा सरपंचांच्या होत्या. घर असं नटलं की मामीच दोनदा वाट चुकल्या.

माणसं बसली. सरपंच मधल्या खुर्चीवर. मामा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी परीक्षा. सोपाना, सांग, वाघजाई मोटार कंपनी कशी?"

गोजरानं आतून डोळे मिटून घेतले.

सोपाना उभा राहिला. "मामा, गिऱ्हाइकांसाठीचं कर्ज बाजूला काढलं. तरी मालकाच्या एका रुपयाला तीन उसने उरतात. तिच्यासारख्या दुसऱ्या चार जणींचं एकाला एक आहे. शिवाय हिचं दरसाल वाढतंय. मी मागं फिरलो."

"मग पैसे कुठं घातलेस?"

"भैरव मोटारीत. तिथं एकाला अर्धा आहे आणि दरसाल कमी होतंय."

सरपंचांनी पहिली टाळी वाजवली. मग टाळ्यांचा कडकडाट! मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी भाकरीचंसुद्धा विसरल्या. मामांनी सोपानाला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या! हीच नजर ठेव. मोटार असो, माणूस असो, घर असो, सगळीकडं हेच बघ!"

अहो, कशाला बोललात मामा? बरं चाललं होतं की.

सोपानानं नजर फिरवली. "मामा, या खुर्च्या कुणाच्या?"

"गप रे," मामा हळूच म्हणाले. "पंचायतीच्या."

"सतरंजी?"

"देवळाची. गप!"

"कपबश्या?"

"माझ्या!" सरूकाकू अभिमानानं म्हणाल्या.

सोपानानं मान हलवली. "उसनं फार आहे. पण मागं फिरणार नाही, मामा. घाबरू नका. बाजूला काढतो." आणि त्यानं सरपंचांना खुर्चीसकट उचलून अंगणात नेऊन ठेवलं. मग खुर्ची तेवढी काढून घेतली.

काय सांगू तुम्हाला! पाहुणे उठायच्या आधीच खुर्च्या जात होत्या. लोक चहा पीत होते, कप हातातून जात होते. सतरंजी ओढली तेव्हा गुरव तिच्यावर बसूनच दारापर्यंत आला. सोपाना घाम पुसत पंचायतीत जाऊन आला, देवळात जाऊन आला, पोस्टमनच्या घरी पंखा लावून आला. मामा दगडासारखे उभे होते. त्यानं त्यांचा एक पाय उचलला, वहाण काढली. दुसरा उचलला, तीही काढली. सरपंचांच्या पायांत घातल्या.

मग घराकडं बघून म्हणाला, "आता कसं! कर्ज शून्य!"

मामा भुईवर बसले. भिंती उघड्या, भुई उघडी, अब्रू उघडी. त्यांना रडूच फुटलं. "काय राहिलं रे माझ्याकडं? एक पोरगी. आणि तीही आपली कुठली? आज ना उद्या जाणार. पोरगी जन्मापासून दुसऱ्याच्याच घरची असते!"

सोपाना चमकला. "ही पण?"

त्याचा चेहरा पडला. मोठ्या कष्टानं त्यानं गोजराचा हात धरला. "चल गोजरा. फार वाईट वाटतंय मला. पण ज्याचं त्याला."

आणि तो तिला घेऊन निघाला, दारोदार. सरूकाकूंना विचारलं, "ही तुमच्या घरची का?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा, माझ्या कपबश्याच होत्या." पोस्टमनच्या आईला विचारलं. गुरवाच्या घरी विचारलं. प्रत्येक दारात त्याचा आवाज जास्त रडवेला होत होता आणि प्रत्येक "नाही"ला तो हळूच सुस्कारा सोडत होता. मागून सगळं गाव. शेवटी तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याकडं तो वळला, तशी गोजरा थांबली.

"तिकडं कुठं? येड्या, मी तुझ्या घरची!"

"माझ्या?"

"मग कुणाच्या? चल मागं, त्या सुपारीचं बघू."

आता सुपारी फोडायची कशानं? अडकित्ता तर गुरवाकडं परत गेलेला. गोजरानं घरातला वरवंटा आणला, सुपारी उंबऱ्यावर ठेवली आणि एका घावात फोडली. लोकांनी गुलाल उधळला. मामींनी सोपानाच्या तोंडात साखर घातली. मामाही हसले बिचारे. म्हणाले, "जाऊ दे. पोरगी चांगल्या घरी पडली. सोपाना, आता तुझं समाधान झालं ना?"

सोपाना मात्र विचारात पडला होता. बोटांवर काहीतरी हिशेब करत होता.

"मामा," तो म्हणाला, "म्हणजे गोजरा मुळात माझ्या घरची. आणि तिच्या जन्मापासून ती तुमच्याकडं उसनी होती."

"बरं, मग?"

"मग व्याज?"

मामांचा हात सरकन पायाकडं गेला. पण वहाणा सरपंचांच्या पायांत होत्या.